पाडव्याच्या रात्रीं पडलेलें कडें

शके १९४४ ची वर्षप्रतिपदा ता. २ एप्रिल २०२२ रोजीं होती. सूर्यास्तास घरोघरच्या गुढ्या उतरल्या, आणि रात्रीं पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशांतून अग्नीच्या रेघा सावकाश सरकत गेल्या. थोड्याच वेळांत चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांत, लाडबोरी गांवीं, एका मोकळ्या जागेंत धातूचें भलें मोठें कडें पडलेलें आढळलें. व्यास सुमारें ३ मीटर, वजन ४० किलोंहून अधिक. पवनपारच्या बाजूस धातूचा एक गोळाहि सांपडला. ईश्वरकृपेनें कोणास इजा झाली नाहीं.

आकाशांत कांहीं जळतांना दिसलें कीं प्रथम उल्केची आठवण होते. परंतु उल्का बहुधा डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच विझते. ही ज्योत मात्र तुकडे होत होत पुष्कळ वेळ दिसत राहिली. अंतराळांतील वस्तूंची बारीक नोंद ठेवणारे अमेरिकेंतील खगोलज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनीं ताळा पाहून सांगितलें कीं, हा चीनच्या ‘लाँग मार्च ३ बी’ रॉकेटाचा तिसरा टप्पा असावा. तें रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्यें उडालें होतें. उपग्रह सोडून रिकामा झालेला टप्पा चौदा महिने लांबट कक्षेंत फिरत राहिला. प्रत्येक फेरींत तो पृथ्वीजवळ येई, वरच्या विरळ हवेस घासे आणि त्याची गति किंचित् कमी होई. अखेर सेकंदास सात-आठ किलोमीटर वेगानें तो दाट हवेंत शिरला. अशा वेळीं पातळ पत्रा जळून जातो; जाड कडीं आणि दाबानें वायु भरण्याचे गोळे पुष्कळदां जमिनीपर्यंत पोंचतात. आपल्या ‘इस्रो’च्या शास्त्रज्ञांनींहि येथें येऊन त्या वस्तूंची पाहणी केली.

अंतराळाचा शोध हें मानवी धाडसाचें पुढचें पर्व होय, असें आपण म्हणतों, आणि तें खरेंच आहे. १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास उतरला, तेव्हां युरोपला नवा जलमार्ग सांपडला. परंतु त्या किनाऱ्यावरील माणसांना कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. लाडबोरीलाहि कोणीं विचारलें नाहीं. चैत्र हा या रानांत मोहफुलें वेंचण्याचा हंगाम. पहांटे अंधारांत टोपली घेऊन बाया-माणसें झाडांखालीं वांकलेलीं असतात. तें कडें अशा एखाद्या झाडाखालीं पडलें असतें तर?

या प्रश्नाचें उत्तर कायद्यांत अर्धेंच मिळतें. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें, अंतराळांतून पडलेल्या वस्तूनें जमिनीवर हानि केल्यास ती सोडणाऱ्या राष्ट्रानें भरपाई द्यावयाची असते. १९७८ त रशियाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह कॅनडांत कोसळला व त्याचे किरणोत्सर्गी तुकडे बर्फाळ मुलुखांत विखुरले. १९८१ त सोव्हिएट सरकारनें ३० लक्ष कॅनेडियन डॉलर देऊं केले. परंतु करारांत हानि म्हणजे जीव, प्रकृति वा मालमत्ता यांची. त्या रात्रीं दाराशीं उभ्या असलेल्या माउलीच्या छातींत जें धस्स झालें असेल, तें कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं.

आतां केवळ चीनकडे बोट दाखवून मोकळें होणें मात्र न्यायाचें नव्हे. जुलै २०२३ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रीन हेडजवळ एक मोठें नळकांडें वाहत आलें, तें आपल्याच पी. एस. एल. व्ही. रॉकेटाचा तिसरा टप्पा निघालें. पुढच्याच महिन्यांत, २३ ऑगस्टला, ‘चंद्रयान-३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलें व आपण पेढे वांटले. यश आपलें, तसा कचराहि आपलाच. २०३० पर्यंत भारताच्या मोहिमा कचरामुक्त करावयाचा संकल्प ‘इस्रो’नें २०२४ मध्यें जाहीर केला, हें म्हणूनच समाधानाचें आहे. ज्याच्या घरीं कार्य, त्यानेंच पत्रावळी उचलाव्या, ही रीत आपल्या घरांत लहान पोरालाहि ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट. रानांतील माणसें आकाशाविषयीं अडाणी, असा समज आपण करून घेतला असेल तर तो सोडावा. विदर्भांतील गोंडांच्या नक्षत्रज्ञानाचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनीं सहकाऱ्यांसह केला आहे. सप्तर्षींतले चार तारे म्हणजे बाज, आणि मागचे तिघे ती पळविणारे चोर, ही कथा गोंड घरांत आहे; आपल्या आजीबाईंनींहि ती अंगणांत सांगितलेली असेल. ज्यांचें आकाश इतकें ओळखीचें, त्यांच्याच अंगणांत ही अनोळखी वस्तु पडली.

यंदाच्या चैत्रांत गुढी उतरल्यावर मुलांना गच्चीवर न्यावें. सप्तर्षि ईशान्येस वर आलेले असतील. बाज व चोर त्यांना दाखवावे. एखादा ठिपका न लुकलुकतां संथ जातांना दिसला, तर तो उपग्रह, हेंहि सांगावें. आणि न जाणो, कोठें रानांत वा शेतांत अशी पडलेली वस्तु आढळलीच, तर तिला हात न लावतां पोलिसांस कळवावें. तिच्यांत विषारी इंधन वा दाबलेला वायु शिल्लक असूं शकतो. मग मुलांपैकीं कोणी लाडबोरीच्या कड्याविषयीं विचारील. त्याला सगळी हकीकत सांगावी, ऑस्ट्रेलियाच्या नळकांड्यासुद्धां.