हात नको, नॉब हलवा!

स्ट्रॅटोकॅस्टरचा व्हॉल्यूम नॉब तारांच्या इतका जवळ आहे, की जोरात स्ट्रमिंग केलं की करंगळी लागते आणि ऐन गाण्यात आवाज गुल! यावर जाणकारांचं ठरलेलं उत्तर: "सवय होईल." का व्हावी? आमच्या धंद्यात शंभर युजर एकाच जागी चुकले तर दोष स्क्रीनचा धरतात. करंगळीने व्हॉल्यूम फिरवणाऱ्यांना ती जागा सोयीची आहे, मान्य. पण १९५४ चं डिझाईन म्हणजे काही वेद नव्हेत. वादक तीन पोझिशनचा स्विच मधेच अडकवून वाजवायचे, म्हणून १९७७ साली खुद्द फेंडरने पाच पोझिशनचा दिला. तेव्हा दोन टोनचा एक करा, व्हॉल्यूम मधल्या भोकात न्या. पहिलं रिकामं राहिलं तर राहू दे. लाकडाला हातही लागत नाही!