पॅक न घेतलेल्याला शिक्षा कशासाठी?

सोनौलीची कमान ओलांडून आमची बस भैरहव्यात शिरते तेव्हा गटातल्या निम्म्या लोकांना आपण परदेशात आलो असं वाटतच नाही. व्हिसा लागत नाही, दुकानांच्या पाट्या देवनागरीत असतात, आपली शंभराची नोट चालते. घड्याळ तेवढं पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. फोनला मात्र सीमा बरोबर कळते. तो नेपाळी कंपनीचा टॉवर पकडतो आणि त्या घटकेपासून काशी-पशुपतिनाथ-मुक्तिनाथच्या यात्रेला निघालेल्या माणसाच्या प्रत्येक मिनिटाचा दर बदलतो.

मी पुण्याहून यात्रांचे आणि परदेश सहलींचे गट घेऊन जाते. बहुतेक मंडळी साठीच्या पुढची असतात. गोरखपूरला जेवणं आटोपली की एकेकाचा फोन हातात घेऊन सेटिंग तपासणं हा आता माझ्या कामाचाच भाग झाला आहे. हे काम मी करते, करत राहीन. पण ते टूर लीडरवर पडावं, आणि ज्याच्या गटाला असा कुणी लीडर नाही त्याने भुर्दंड भरावा, ही व्यवस्था मला मान्य नाही.

कराडच्या एक काकू आमच्याबरोबर पोखऱ्याला होत्या. यात्रेला निघाल्याचं नातेवाइकांत कळलेलं, त्यामुळे दिवसभर फोन येत होते. कुणी दर्शन कसं झालं विचारत होतं, कुणी रुद्राक्ष आणायला सांगत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅलन्स संपला. काकू म्हणाल्या, “ताई, मी तर एकही फोन केला नाही. आलेल्या फोनचे पैसे कशाचे?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. भारतात आलेला फोन घेण्याचे पैसे २००३ सालापासून लागत नाहीत. तरुण पिढीला तर तसे कधी लागत होते हेच ठाऊक नाही. रोमिंगमध्ये मात्र ते लागतात, कारण कराडहून जावेने लावलेला फोन आधी भारतातल्या कंपनीकडे जातो, तिच्या नोंदीत काकूंचा नंबर पोखऱ्याला असल्याचं दिसतं, आणि कॉल तिथून पुढे नेपाळला पाठवला जातो. फोन लावणाऱ्या जावेला काकू कुठे आहेत ते माहीत नसतं, म्हणून तिला स्थानिक कॉलचाच दर पडतो. कराड ते पोखरा या पुढच्या टप्प्याचा खर्च काकूंच्या माथी येतो. इथवर तर्क समजू शकतो. त्या खर्चावर किती नफा चढवायचा याला मात्र कसलाही धरबंध नाही, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

डेटाचंही तसंच. फोन खिशात असतो, माणूस मुक्तिनाथच्या पायऱ्या चढत असतो, आणि तेवढ्यात भाचीच्या बारशाचा व्हिडिओ कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन आपोआप उतरतो. काढलेले फोटो परस्पर क्लाउडवर चढतात, अ‍ॅप अद्ययावत होत राहतात. भारतात याची कुणी पर्वा करत नाही, कारण आपल्याकडे डेटा स्वस्त आहे आणि आपल्या सवयी त्या स्वस्ताईत घडल्या आहेत. सीमेपलीकडे तीच सवय मोजून घेतली जाते. कोणत्याही कंपनीची दरपत्रिका काढून बघा, रोमिंगचा पॅक आधी घेतलेल्या आणि न घेतलेल्या ग्राहकाच्या दरांत अनेक पटींचा फरक दिसेल. दोघांचे फोन एकाच टॉवरवर असतात, कंपन्यांतला करारही एकच असतो. एकाने निघण्याआधी अ‍ॅप उघडून बटण दाबलं, दुसऱ्याला ते माहीत नव्हतं. एवढ्या फरकावर माणसाकडून इतके पैसे घेणं मला अन्यायाचं वाटतं.

बरं, पॅक घेऊन तरी सुटका होते का? पॅक त्या देशातल्या ठरावीक कंपन्यांच्या नेटवर्कवरच चालतो. फोनने आपल्या मर्जीने भलतं नेटवर्क पकडलं की पॅक खिशात असूनही साधा दर लागू शकतो. मग सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडायचं. बहात्तर वर्षांच्या आजोबांना हे बसमध्ये उभं राहून शिकवताना मला त्यांचा चेहरा दिसतो. ते गप्प बसतात आणि फोन बंद करून ठेवतात. मग संध्याकाळी त्यांची मुलगी काळजीने माझ्या नंबरवर फोन करते. सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर तर किनारा मागे पडला की जहाजाचं स्वतःचं उपग्रह नेटवर्क सुरू होतं, त्याचे दर आणखी वेगळे. तिथे मी सरळ सगळ्यांना फ्लाइट मोड लावायला सांगते.

हे सगळं अटळ नाही, हे युरोपच्या बसमध्ये दिसतं. युरोपीय संघाने २००७ मध्ये पहिल्यांदा रोमिंगवर कमाल मर्यादा घातली, केलेल्या कॉलला मिनिटाला ४९ सेंट, आलेल्या कॉलला २४ सेंट. कर वेगळे. व्हिव्हियन रेडिंग तेव्हा युरोपीय आयोगात दूरसंचाराचं खातं सांभाळणाऱ्या आयुक्त होत्या. मग २०१० पासून डेटाचं बिल ५० युरोंवर गेलं की ग्राहकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय जोडणी तोडायची, असा नियम आला. २०१२ मध्ये डेटाच्या दरालाही मर्यादा आली, एका एमबीला ७० सेंट, म्हणजे एका जीबीला ७०० युरोंच्या वर. ही मर्यादा होती, तीसुद्धा ग्राहकाला दिलासा म्हणून घातलेली! दोन वर्षांत ती २० सेंटवर आली, आणि १५ जून २०१७ पासून संघातल्या देशांत फिरताना घरचाच दर लागू झाला. एक कंपनी दुसऱ्या कंपनीला जो घाऊक दर लावते त्याची कमाल मर्यादा त्या वर्षी जीबीला ७.७० युरो होती, २०२२ मध्ये ती २ युरो झाली आणि २०२७ साठी १ युरो ठरली आहे. तंत्रज्ञान स्वस्त झालं हे खरंच. पण ती स्वस्ताई ग्राहकाच्या बिलापर्यंत पोचली ती कायद्याचा आकडा दर वर्षा-दोन वर्षांनी खाली ओढला गेला म्हणून.

आमच्या मंडळींची ठरलेली सहल असते, पॅरिस, मग ल्युसर्न, तिथून ऱ्हाईनचा धबधबा बघून वाडुझ, पुढे इन्सब्रुक. पॅरिसला घेतलेलं फ्रेंच सिम इन्सब्रुकला जादा पैसे न देता चालतं, चिमुकल्या लिश्टेनश्टाइनमधल्या वाडुझलाही चालतं. मधल्या ल्युसर्नला मात्र ते चालेलच याची खात्री नसते, कारण स्वित्झर्लंड त्या कायद्याच्या बाहेर आहे. डोंगर तेच, रस्ता तोच, बसही तीच. आणखी ठळक पुरावा ब्रिटनचा आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी नव्या ग्राहकांवर युरोपातलं रोमिंग शुल्क पुन्हा लादलं, कुणी दिवसाला २ पौंड, कुणी त्याच्या आसपास. टॉवर बदलले नव्हते, समुद्राखालच्या केबली बदलल्या नव्हत्या. बंधन गेलं आणि शुल्क परत आलं.

युरोप श्रीमंत आहे, त्याची गोष्ट वेगळी, असं कुणी म्हणेल. मग पूर्व आफ्रिका बघा. केनिया, युगांडा, रवांडा या देशांनी २०१४ पासून आपसात समान नेटवर्क क्षेत्राचा करार करून रोमिंगचे दर पाडायला सुरुवात केली. सिंगापूर आणि मलेशिया यांनी २०११ मध्ये एकमेकांच्या रोमिंग दरात कपात करण्याचं ठरवलं. हे देश युरोपीय संघासारखे एका संसदेखाली नाहीत. शेजारी म्हणून बसले, बोलले.

आपल्याही घरात हे झालं आहे. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दूरसंचार मंत्री सुखराम यांना दिल्लीत पहिला मोबाइल कॉल केला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. पुढे कितीतरी वर्षं मुंबई हे वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळं, म्हणून मुंबईचं सिम घेऊन पुण्याला आलेला माणूस रोमिंगवर असायचा. घाट चढला की लोक फोन उचलायला कचरायचे, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवेल. मे २०१५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने देशातल्या रोमिंगमध्ये आलेल्या कॉलवर मिनिटाला ४५ पैशांची कमाल मर्यादा घातली. पुढच्या वर्षी बाजारात नवी स्पर्धक कंपनी उतरली आणि बघता बघता देशातलं रोमिंग शुल्क नाहीसंच झालं. आंतरराष्ट्रीय रोमिंगचा दर मात्र आजही कंपन्यांवर सोडलेला आहे. ट्रायने २०२० मध्ये या विषयावर विचारपत्रिका काढली होती आणि पॅकसह व पॅकविना दरांतली तफावत, अचानक येणारं मोठं बिल हे प्रश्न मांडले होते. म्हणजे दुखणं त्यांना माहीत आहे.

यावर मला हमखास ऐकवलं जातं की तिथलं स्थानिक सिम घ्या, नाहीतर ई-सिम घ्या, प्रश्न मिटला. ज्याचा फोन नवा आहे, ज्याला क्यूआर स्कॅन करून ई-सिम बसवता येतं, त्याचा प्रश्न मिटतो, आणि मी स्वतः तसंच करते. पण आपल्याकडे मोबाइल नंबर हा फक्त बोलण्यापुरता राहिलेला नाही. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, कार्डाने हॉटेलचं बिल भरताना त्याचीच वाट बघावी लागते, पेन्शनचे व्यवहार त्याच्याशी बांधलेले. भारतीय सिम काढलं की माणूस आपल्याच पैशांपासून तुटतो. एका सिमचे फोन घेऊन आलेल्यांची काढलेली सिमं मी छोट्या पाकिटात घालून त्यांच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवायला लावते. हॉटेलवर पोचलो की पुन्हा घालायचं, ओटीपी घ्यायचा, पुन्हा काढायचं. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला किंवा फ्रँकफर्टला सहा महिने जाणाऱ्या आई-वडिलांची चिंता याहून मोठी असते. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला आणि खात्यात पैसे नसले तर तो बंद होऊ शकतो, आणि नंबर गेला की बँकेच्या दारात पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागतं. रिझर्व्ह बँकेने एसएमएसखेरीज ओळख पटवण्याच्या इतर मार्गांना आता वाट करून दिली आहे, हे चांगलं पाऊल आहे. बँकांनी त्यावरून लवकर चालावं.

यूपीआयचं बघा. भूतान, सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस आणि नेपाळ इथल्या दुकानांत यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली, २०२४ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठीही झाली. मला याचा मनापासून अभिमान आहे. काठमांडूत रुद्राक्षाच्या दुकानात क्यूआर बघून आमची मंडळी हरखतात. पण तो स्कॅन करायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटसाठी रोमिंगचा पॅक. एक सरकार दुसऱ्या सरकारशी बोलून पैशाची वाट मोकळी करू शकतं, तर फोनची का नाही?

नेपाळची कंपनी भारतीय कंपनीला किती दर लावते यावर ट्रायचा हुकूम चालत नाही, हे मी जाणते. तो दोन देशांच्या बोलण्याचा विषय आहे आणि सुरुवात नेपाळ-भूतानपासून व्हावी, कारण तिथे आपण सगळ्यात जास्त मोकळेपणाने जातो. पण भारतीय कंपनीने भारतीय ग्राहकाला काय लावावं, हे ट्रायच्या हातात आहे. पॅक न घेतलेला ग्राहक परदेशात फोन वापरू लागला की त्याला त्या कंपनीचा सगळ्यात स्वस्त एक दिवसाचा पॅक आपोआप लागू व्हावा. एका रकमेवर डेटा थांबावा, आणि पुढे सुरू ठेवायचा का हे मराठीत, ज्याच्या त्याच्या भाषेत विचारलं जावं. पॅकमध्ये नसलेल्या नेटवर्कवर कंपनीने फोन जाऊच देऊ नये, ती जबाबदारी आजोबांची नाही.

परदेशी जाणाऱ्यांना पैशाची काय कमी, असं म्हणून हा विषय बाजूला सारणाऱ्यांनी एकदा मुक्तिनाथच्या यात्रेकरूंबरोबर बसमध्ये बसावं. भिशी लावून, वर्षभर थोडं थोडं बाजूला टाकून आलेली माणसं असतात. रत्नागिरी-रायगडातून आखातात कामाला गेलेला मुलगा सुट्टीत आई-वडिलांना दुबई दाखवायला नेतो, तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाही, म्हणून ते गावाकडे साधा फोन लावतात आणि रोमिंगचा दर भरतात. कराडच्या काकूंच्या बॅलन्ससाठी आंदोलन होत नाही, कारण रक्कम लहान असते आणि माणूस घरी पोचल्यावर विसरून जातो. अशा लहान रकमांकडे लक्ष ठेवायलाच नियामक नेमलेला असतो. त्याने पुढच्या यात्रेच्या हंगामाआधी हे दर हातात घ्यावेत.