साडेएकोणतीस तासांचे शिक्षक

जपानमधील इंग्रजी संभाषणाच्या खाजगी शाळांनी परदेशी शिक्षकांशी जे करार केले, त्यांत एक चमत्कारिक आकडा वर्षानुवर्षे आढळत आला आहे: आठवड्याला २९ तास ३० मिनिटे. तीस नव्हे, अठ्ठावीस नव्हे, नेमके साडेएकोणतीस. हा आकडा कोणा शिक्षणतज्ज्ञाने विद्यार्थ्यांच्या हितासाठी शोधून काढलेला नाही, की शिक्षकाच्या घशाला विश्रांती मिळावी म्हणूनही तो ठरलेला नाही. नियमित कामगाराच्या सुमारे तीनचतुर्थांश वेळ जो काम करतो त्याला आरोग्य विमा आणि कर्मचारी निवृत्तिवेतन या योजनांत सामील करून घ्यावयाचे, अशी अंतर्गत सूचना जपानच्या सामाजिक विमा प्रशासनाने १९८० साली काढली. आठवड्याचे ४० तास धरले तर तीनचतुर्थांश म्हणजे ३०. मालकांनी त्यातून अर्धा तास कापला आणि कायद्याला वळसा घातला.

या अर्ध्या तासाची किंमत मालक पुरेपूर जाणतो. कर्मचारी निवृत्तिवेतनाची वर्गणी २०१७ पासून वेतनाच्या १८.३ टक्के आहे. तिच्यातील निम्मा वाटा मालकाने भरावयाचा असतो. आरोग्य विम्याच्या सुमारे १० टक्क्यांतील निम्मेही त्याच्याच माथी पडतात. म्हणजे प्रत्येक शिक्षकामागे वेतनाच्या सुमारे १४ टक्के इतकी रक्कम केवळ घड्याळाचा काटा मागे सारून मालकाच्या तिजोरीत राहते. योजनेबाहेर ढकलला गेलेला शिक्षक राष्ट्रीय निवृत्तिवेतनाची आणि नगरपालिकेच्या आरोग्य विम्याची सारी वर्गणी स्वतःच्या खिशातून भरतो. तेवढ्यावरही भागत नाही. कर्मचारी विम्यात असलेला कामगार आजाराने अंथरुणाला खिळला, तर त्याला वेतनाच्या दोनतृतीयांश इतका भत्ता दीड वर्षापर्यंत मिळू शकतो. नगरपालिकेच्या विम्यात ही तरतूद सर्वसाधारणपणे नाही. मग साडेएकोणतीस तासांचा शिक्षक आजारी पडला तर त्याने करावयाचे काय? तर विमानाचे तिकीट काढून मायदेशी परतावयाचे! मालकाला तेच सोयीचे असते.

आणि हे साडेएकोणतीस तास तरी खरे असतात काय? करारात धरलेला असतो तो पाठ चालू असतानाचा वेळ. दोन पाठांमधली मोकळी दहा मिनिटे, पुढच्या पाठाची तयारी, विद्यार्थ्यांच्या प्रगतीच्या नोंदी, नव्या गिऱ्हाइकाला भुरळ घालण्यासाठी केलेले गोड संभाषण या साऱ्याला काम म्हणावयाचे नाही, असा मालकांचा न्याय. शिक्षक सकाळी येतो, रात्री जातो, आणि कागदावर मात्र अर्धवेळ नोकर राहतो.

चळवळीतील काही मित्र या प्रश्नाकडे तुच्छतेने पाहतात. त्यांचा युक्तिवाद असा की, हे अमेरिकेतून, इंग्लंडमधून, ऑस्ट्रेलियातून आलेले पदवीधर तरुण. मातृभाषा इंग्रजी एवढ्या भांडवलावर त्यांना नोकरी मिळाली. वर्ष-दोन वर्षे मौज करून ते परत जाणार. यांच्यासाठी कामगार चळवळीने का झुरावे? हा युक्तिवाद वरकरणी क्रांतिकारक वाटतो, पण त्यात मालकाचेच म्हणणे दडलेले आहे. शाळाचालकही हेच म्हणतात: हे पाहुणे आहेत, कामगार नव्हेत. कामगार ठरतो तो कशावरून? त्याच्या कातडीच्या रंगावरून, की तो आपली श्रमशक्ती कोणाला विकतो यावरून? मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्याच खंडात शाळामास्तराचे उदाहरण घेऊन दाखवले आहे की, शाळेच्या मालकाची धन करण्यासाठी राबणारा मास्तर हा कारखान्यातल्या कामगारासारखाच भांडवल वाढवणारा कामगार असतो. शिवाय आज हे शिक्षक केवळ गोऱ्या देशांतून येतात असेही नाही. फिलिपिन्समधून आलेले अनेक शिक्षक याच चक्रात सापडले आहेत. जो करार आज परदेशी माणसावर आजमावला जातो तो उद्या जपानी अर्धवेळ कामगाराच्या पुढ्यात येतो, आणि आलाही आहे.

‘पाहुण्यां’चा पाहुणचार कसा होतो हे २००७ साली जगाने पाहिले. नोव्हा ही जपानमधील या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी. विद्यार्थ्यांकडून शेकडो पाठांचे पैसे आगाऊ उकळायचे आणि त्या पैशांतून नवनव्या शाखा उघडायच्या, हे तिचे तंत्र. करार मोडू पाहणाऱ्यांना परतावा देताना ती जे हिशेब करी ते एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवले. जूनमध्ये सरकारने तिच्या दीर्घ मुदतीच्या नव्या करारांवर सहा महिन्यांची बंदी घातली. त्यानंतर पगार लांबू लागले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस कंपनीने ओसाकाच्या न्यायालयात दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. सुमारे ४ हजार परदेशी शिक्षक पगाराविना रस्त्यावर आले. अनेकांच्या पगारातून घरभाडे कापले गेले होते, पण ते घरमालकापर्यंत पोचलेच नव्हते. संघटनेने तेव्हा पाठाच्या बदल्यात जेवण अशी योजना सुरू केली. शिक्षकाने इंग्रजी शिकवावे आणि शिकणाऱ्याने त्याला खाऊ घालावे. त्याच आठवड्यात न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांनी कंपनीच्या अध्यक्षाचे कार्यालय पत्रकारांना उघडून दाखवले. तेथे शयनगृह आणि चहापानाची पारंपरिक खोलीसुद्धा होती. कर्मचाऱ्यांच्या कल्याणनिधीच्या अपहारासाठी या अध्यक्षाला पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली. थकलेल्या वेतनाचा मोठा भाग सरकारने आगाऊ देण्याचा १९७६ चा कायदा जपानमध्ये होता, म्हणून या शिक्षकांच्या हाती काही पडले. तो कायदा कोणाच्या दयेने झालेला नव्हता.

कायदा नाही अशी तक्रार येथे करताच येत नाही. जपानच्या १९४७ च्या श्रममान कायद्याचे तिसरे कलम राष्ट्रीयत्वावरून वेतनात वा कामाच्या अटींत भेदभाव करण्यास मनाई करते. आपण विमाधारक आहोत हे ठरवून द्यावे, अशी मागणी कामगार स्वतः निवृत्तिवेतन कार्यालयाकडे करू शकतो आणि दोन वर्षे मागपर्यंतचा विमा मिळवू शकतो. मग अडते कोठे? दोन ठिकाणी. एक म्हणजे मागच्या दोन वर्षांच्या वर्गणीतील आपला वाटा शिक्षकालाही सोसावा लागतो. मालक नेमका हा आकडा त्याच्यापुढे धरतो आणि विचारतो, ‘एवढे भरणार का?’ शिक्षक कचरला की मालक जगाला सांगतो, ‘त्यालाच विमा नको आहे.’ कायद्याने सक्तीची केलेली गोष्ट जणू हॉटेलातील जिन्नस आहे, मागितली तरच वाढायची!

दुसरी अडचण भीतीची. व्हिसा मालकाच्या खिशात असतो असा समज पसरवला जातो, आणि व्यवस्थापक तो हेतुपुरस्सर जोपासतात. वस्तुतः निवासाचा दर्जा शिक्षकाचा स्वतःचा असतो. नोकरी सुटली तर १४ दिवसांत खात्याला कळवावयाचे. त्याच स्वरूपाच्या दुसऱ्या कामावर त्याला जाता येते. सबळ कारणाशिवाय तीन महिने कामाविना राहिल्यास मात्र तो दर्जा काढून घेता येतो, आणि घर कंपनीचे असले तर छप्परही जाते. राज्यसंस्थेचे वर्तन तर अधिकच बोलके आहे. २०१० पासून व्हिसाच्या नूतनीकरणाच्या वेळी शिक्षकाला विमापत्र दाखवण्यास सांगितले जाऊ लागले. ज्याने विमा उतरवावयाचा तो मालक मोकळा, आणि ज्याचा हक्क बुडाला त्याचीच झडती!

‘तो परत जाणार, त्याला निवृत्तिवेतन कशाला?’ हा प्रश्नही सोज्ज्वळ चेहऱ्याने विचारला जातो. देश सोडून जाणाऱ्या परदेशी माणसाला वर्गणीपोटी एकरकमी परतावा मिळतो. २०२१ पर्यंत तो कमाल तीन वर्षांच्या हिशेबाने मिळे, आता पाच वर्षांच्या. निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी लागणारा काळ २०१७ मध्ये २५ वर्षांवरून १० वर्षांवर आला. भारत व जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून अमलात आहे, त्यामुळे भारतीयाची दोन्ही देशांतील वर्षे पात्रतेसाठी एकत्र मोजता येतात. पण ज्याचे नाव योजनेत घातलेच नाही त्याला करार काय देणार?

जेथे हक्क मिळाले तेथे ते वकिलातीने मिळवून दिले नाहीत, की एकेकट्याच्या अर्जविनंत्यांनीही नाहीत. १९९१ मध्ये ओसाकात उभी राहिलेली जनरल युनियन आणि टोक्योतील नाम्बू या संघटनांनी परदेशी शिक्षकाला जपानी कामगार संघटनेच्या कायद्याखाली आणले. त्या कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी संघटनेचा एकच सभासद असला तरी मालकाला वाटाघाटी नाकारता येत नाहीत. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिट्झच्या शिक्षकांनी पगारवाढीसाठी संप सुरू केला. एकेका पाठापुरता, आयत्या वेळी पुकारलेला, महिनोन्‌महिने चाललेला. कंपनीने वर्षभराने संघटना व तिचे पदाधिकारी यांच्यावर ११ कोटी येनच्या नुकसानभरपाईचे दावे ठोकले. फेब्रुवारी २०१२ मध्ये टोक्यो जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळून संप कायदेशीर ठरवला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी तडजोड झाली. संपाचा हक्क जपानी राज्यघटनेच्या २८व्या कलमात आहे. तेथे कामगारांचा उल्लेख आहे, जपानी नागरिकांचा नाही.

शिक्षक म्हणजे कामगार नव्हे, हा सिद्धांत केवळ जपानी मालकांची मिरास आहे असे मात्र कोणी समजू नये. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नाही. २००४ मध्ये ग्रॅच्युइटीच्या कायद्यातूनही त्याला वगळण्यात आले. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ३ एप्रिल १९९७ पासून हा हक्क दिला; तरी खाजगी शाळांचे चालक भांडतच राहिले, आणि त्यांच्या याचिका निकालात निघाल्या त्या ऑगस्ट २०२२ मध्ये. इकडे महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाला साडेएकोणतीस तासांचे रहस्य समजावून सांगण्याची गरज नाही. पवित्र पेशाची पूजा बांधावयाची आणि नैवेद्य मात्र स्वतःच खावयाचा, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

जपानमध्ये रेषा हळूहळू खाली येत आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये पाचशेहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत आठवड्याला २० तास ही मर्यादा आली. २०२२ मध्ये ती शंभरावरच्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पन्नासावरच्या आस्थापनांना लागू झाली. परंतु गल्लीबोळांतील असंख्य छोट्या शाळांत पन्नास माणसे असतातच कोठे? दहा-पंधरा शिक्षकांवर चालणाऱ्या अशा शाळांना तीनचतुर्थांशाचा जुनाच नियम लागू होतो, आणि अर्धा तास कापण्याची सोय तेथे अजून शाबूत आहे. मोठ्या कंपन्यांपुढे आता रेषा विसाची आहे. त्यांच्या नव्या करारांत किती तास लिहिले जातात हे संघटनांना महिनोन्‌महिने, शाखेमागून शाखा, तपासावे लागणार आहे.