जुना संगणक भंगारात देण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली. बहुतेक घरांत ही गोष्ट कळली ती पडद्यावर उमटलेल्या इंग्रजी सूचनेमुळे. तिचा अर्थ विचारायला घरातले कोणीतरी एम. जी. रोडला किंवा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले की उत्तर जवळपास ठरलेले असते : ‘‘ये अब नहीं चलेगा, नया लेना पड़ेगा.’’ कोकणीपुऱ्यातले घर असो, वडाळ्यातले असो की नाशिकरोडचे, नवा संगणक म्हणजे एका मुलाची वर्षाची फी. म्हणून या महिन्याच्या सदरात दुसरे सगळे विषय बाजूला ठेवून आम्ही एवढेच पाहणार आहोत की घरातला सात-आठ वर्षांचा, बटण दाबल्यावर आजही सुरू होणारा संगणक खरोखर टाकून द्यावा लागतो का.

आमचे मत आधीच सांगतो. बहुतेक घरांत तो टाकावा लागत नाही.

प्रथम ‘देखभाल थांबवली’ म्हणजे काय ते समजून घेऊ. संगणक बंद पडलेला नाही. चोरवाटा सापडल्या की त्या बुजवणारी जी दुरुस्ती दरमहा फुकट यायची, ती यायची थांबली. घराचे कुलूप शाबूत आहे, पण किल्लीची नक्कल बाजारात आली तरी कुलूप बदलून देणारा आता येणार नाही. अशा संगणकावर आईचे बँक खाते उघडणे किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मुलीचे आधार आणि उत्पन्नाचा दाखला चढवणे धोक्याचे. नुसते नातेवाइकांच्या लग्नाचे व्हिडिओ पाहायचे असतील, तेही इंटरनेट न जोडता, तर काही बिघडत नाही.

मग विंडोज ११ का टाकू नये? तर तिथे पिढीचा प्रश्न येतो. साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल, आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय असेल, तरच विंडोज ११ रीतसर बसते. आपला प्रोसेसर कोणता हे दुकानदाराला विचारायची गरज नाही. ‘धिस पीसी’वर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, नाव दिसेल. ‘आय५-६५००’ असे असेल तर आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो : सहावी. ‘आय५-८२५०यू’ असेल तर आठवी, म्हणजे विंडोज ११ चालण्यासारखा. त्यासाठी कोणी नवा संगणक गळ्यात मारत असेल तर सरळ उठून या. रेघेनंतर पाच आकडे असले, जसे ‘१०४००’, तर पहिले दोन धरायचे. जुना लॅपटॉप विकत घेतानाही हा हिशेब उपयोगी पडतो. ‘आय७ है’ एवढे ऐकून लोक खूश होतात आणि घरी येऊन पाहतात तो तिसऱ्या पिढीचा निघतो.

सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टनेच वर्षभराची सवलत ठेवली आहे. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्यासाठी एक तर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करून संगणकाच्या सेटिंग्ज त्यांच्याकडे साठवू द्यायच्या, नाहीतर तीस डॉलर भरायचे. ज्यांना टॅलीशिवाय गत्यंतर नाही त्यांनी ही सवलत जरूर घ्यावी. पण ती मुदतवाढ आहे, तोडगा नव्हे.

आता ज्या तोडग्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही, त्यावर येऊ. ‘क्रॅक’ केलेली विंडोज. आपल्या शहरात दुरुस्तीला दिलेला संगणक परत येतो तेव्हा त्यात नवी विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळे भरलेले असते आणि बिलात त्याचा उल्लेखही नसतो. आपणही विचारत नाही. दुकानातून न विचारता पिशवीत टाकलेली वस्तू घरी आल्यावर परत करायला मुलाला धाडणारे आपण, इथे मात्र गप्प बसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगते. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते, पण पन्नास हजारांपर्यंतचा दंड राहतोच. आणि फिकहच्या बाजूने विचाराल तर आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ सालीच, कुवेतच्या बैठकीत, लेखन आणि शोध यांवरचे हक्क शरीअतने जपलेले आहेत व त्यांवर अतिक्रमण करणे जायज नाही असा ठराव केला आहे. ‘कंपनी अब्जाधीश आहे, तिला काय फरक पडतो’ हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकतो. मालक श्रीमंत असला म्हणून दुसऱ्याचा माल आपला होत नाही, हे आपल्या घरातल्या आजी-नानींना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

हे बाजूला ठेवले तरी घराचे नुकसान आहेच. क्रॅकचा प्रोग्राम चालवण्याआधी ‘अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. घरफोड्याने वॉचमनला सुट्टी द्यायला सांगावे, तसेच हे. २०१८ च्या सुमारास पसरू लागलेला ‘स्टॉप’ नावाचा खंडणीखोर व्हायरस मुख्यतः अशाच फुकट क्रॅकमधून घराघरांत शिरला. तो फोटो आणि कागदपत्रे कुलूपबंद करतो आणि ९८० डॉलर मागतो. बहात्तर तासांत दिले तर निम्मे. हजचे फोटो, गेलेल्या वडिलांचे फोटो ज्या घरात एकाच संगणकात आहेत, त्या घराने ही ‘फुकट’ विंडोज किती महाग आहे याचा हिशेब करावा.

उरला लिनक्स. नाव ऐकून घाबरण्यासारखे काही नाही. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. नानीसुद्धा रोज लिनक्स वापरते, तिला माहीत नाही इतकेच. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने हा गाभा लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. त्याच्या आधी, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांचे सहकारी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवत होते. दोन्ही मिळून जे तयार झाले त्याची प्रत काढायला, दुसऱ्याला द्यायला आणि आतला मजकूर वाचून बदलायलाही पूर्ण परवानगी आहे. आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात छापलेल्या नोटेची प्रत काढली तर तुरुंग. याची प्रत शेजाऱ्याला दिली तर ज्यांनी ते लिहिले तेच खूश होतात.

लिनक्सचे शेकडो प्रकार आहेत आणि त्यांवरून भांडणारेही तितकेच. घरासाठी आम्ही एकच नाव सांगू : लिनक्स मिंट. त्याचा पडदा जुन्या विंडोजसारखा दिसतो, खाली पट्टी, डावीकडे मेनू. दोन जीबी रॅमवर सुरू होते, चार जीबी असेल तर नीट चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाचा लिनक्स काढला आहे, त्यात मराठीची सोय आहे, त्याबद्दल अभिमानही वाटतो. पण अडले तर शेजारपाजारी विचारायला माणूस मिळावा म्हणून आमची पसंती मिंटला.

आपल्या वाचकांसाठी खरा महत्त्वाचा मुद्दा भाषेचा आहे, आणि त्यावर संगणकवाले फारसे बोलत नाहीत. आपल्या घरात तीन लिप्या चालतात. शाळेचे मराठी, दीनी पुस्तकांचे आणि दावतनाम्याचे उर्दू, कार्यालयाचे इंग्रजी. मराठी वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या खास फॉन्टमध्ये टाइप झाले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडा, अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. उर्दूची गत तीच. १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीने इनपेज आणले आणि नस्तालीक संगणकावर आली. कातिबांची बोटे दुखायची थांबली. मालेगावपासून मुंबईपर्यंत उर्दू छपाईला त्याने मोठा हात दिला, हे मान्यच करायला हवे. पण इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांची फाइल दुसऱ्या कशात थेट उघडत नाही. एखाद्या उस्तादांनी आयुष्यभर टाइप करून ठेवलेल्या गझला आणि दर्स त्यांच्यामागे अशा फायलींत अडकून पडतात, आणि त्यांच्या मुलांना त्या उघडण्यासाठी छापखान्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्यात इनपेजच्या ज्या प्रती गल्लोगल्ली फिरतात, त्यांतल्या कितीजणांनी पैसे भरले तो वेगळाच प्रश्न.

यावर इलाज युनिकोडचा. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर फोनवर, विंडोजवर, लिनक्सवर, कुठेही तोच दिसतो. आणि त्यासाठी लागणारे फॉन्ट आता खुले आहेत. उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ मोफत मिळतो. मराठीसाठी राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ मोफत दिले आहेत, मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ आहे, आणि रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षे सांभाळलेला ‘लोहित’ आहे. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा इनस्क्रिप्ट आणि उर्दूचा फोनेटिक, दोन्ही जोडता येतात. एक कळ दाबली की भाषा बदलते. इनस्क्रिप्टची मांडणी १९८६ पासूनची सरकारमान्य आहे, ती शिकलेली मुलगी कोणत्याही संगणकावर अडत नाही. निकाहाची पत्रिका उर्दू-मराठीत घरच्या घरी लिब्रेऑफिसमध्ये करता येते. मात्र खरे सांगायचे तर नोटोची नस्तालीक पुस्तकाच्या छपाईला अजून जुन्या नूरी नस्तालीकइतकी डोळ्यांना भरत नाही. घरच्या कामाला उत्तम.

लिब्रेऑफिसचे नाव आले आहे तर एमएस-सीआयटीबद्दलही बोलू. महाराष्ट्रात २००२ पासून लाखो मुलामुलींनी हा कोर्स केला, सरकारी नोकरीसाठी तो मागतात, आणि म्हणून आईबापांना वाटते की संगणक म्हणजे विंडोज आणि वर्ड. ‘लिनक्सवर शिकली तर परीक्षेत मागे पडेल’ ही भीती आम्हाला पत्रांतून दिसते. केरळने हा प्रश्न सरकारी शाळांपुरता कधीच सोडवला. तिथे २००१ मध्ये आयटी अॅट स्कूल प्रकल्प सुरू झाला, पुढे शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या आणि दहावीची संगणकाची परीक्षा मुले लिनक्सवर देतात. ती मुले नोकरीत मागे पडल्याचे कोणी म्हटलेले नाही. तक्ता करायला शिकलेल्याला एक्सेल आणि कॅल्क यांत चार दिवसांचा फरक पडतो. आपल्या गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठातून घर सांभाळून पदवी करणाऱ्या भगिनींना तर ब्राउझर, पीडीएफ आणि लिहायला एक साधन एवढेच लागते, आणि ते सगळे मिंटमध्ये पहिल्या दिवसापासून असते.

पण लिनक्सवाल्यांसारखे ‘सगळे चालते’ असे आम्ही म्हणणार नाही. टॅली तिथे रीतसर चालत नाही. ऑटोकॅड नाही, फोटोशॉप नाही. मुलगा पॉलिटेक्निकला असेल किंवा घरातून हिशेबाची कामे होत असतील तर विंडोज ठेवा, आणि पैसे भरून ठेवा. डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. प्रिंटरची तर चौकशी केलीच पाहिजे : घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर फार खटपट करायला लावतो, एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज जोडले जातात. मुलांचे काही खेळही बंद होतील. यावर घरात गहजब होईल, त्याला आमच्याकडे उपाय नाही.

पैसे खर्च करायचे असतील तर ते एसएसडीवर करा. जुना संगणक मंद वाटतो त्याचे कारण बहुधा प्रोसेसर नसून आत फिरणारी हार्ड डिस्क असते. तिच्या जागी साधी अडीच इंची साटा एसएसडी बसवली की तोच संगणक मिनिटभराऐवजी काही सेकंदांत उघडतो. दुसरा खर्च रॅमचा, तोही चार जीबी असेल तर आठ करण्यापुरता; घेताना डीडीआर३ की डीडीआर४ ते पाहून घ्या, एकाची दुसऱ्यात बसत नाही. कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज केला होता की विंडोज १० बंद झाल्यामुळे जगात सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. त्यांतले आपल्या शहरातले अंबड लिंक रोडच्या भंगारवाल्यांकडे किलोच्या भावाने जातील, आणि पाट्या जाळून तांबे काढताना जो धूर होतो तो आपल्याच वस्तीतली पोरे श्वासात घेतात.

करून पाहायचे असेल तर सुरुवात अशी करावी. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घ्या, घरातला किंवा मोहल्ल्यातला कॉलेजचा मुलगा ते तासाभरात करून देईल. पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू करा. असे केल्याने आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, अम्मीचा व्हिडिओ कॉल नीट होतो का, हे चार दिवस पाहा. जमले नाही तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जागेवर आहे. जमले तर मिंट जुन्या डिस्कवर टाकूच नका. नवी एसएसडी बसवून तिच्यावर टाका आणि जुनी डिस्क आहे तशी काढून, कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात ठेवा. फोटो आणि कागदपत्रे साटा-यूएसबी केबलने नव्या डिस्कवर उतरवून घेता येतात. त्या डिस्कला सहा महिने तरी हात लावू देऊ नका. दुकानदाराने ‘जुनी देऊन टाका, थोडे कमी करतो’ म्हटले तरी.