वकिलीतली गळती कोण मोजणार?

‘पहिली पाच वर्षं काढली की माणूस टिकतो.’ वकिलीच्या धंद्यात हे वाक्य इतकं मुरलं आहे की त्याला कुणी हरकत घेत नाही. बीड जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात वीस वर्षं मी ते ऐकते आहे आणि दर वेळी विचारावंसं वाटतं, पाच वर्षं काढायची कुणाच्या जिवावर? वडिलांचं ऑफिस असेल, पाण्याखालची जमीन असेल, निदान भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेवर असेल तर पाच काय, सात वर्षं निघतात. आईबाप दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जात असतील तर पाच महिने निघत नाहीत. मग तो पोरगा दिसेनासा होतो आणि बाररूममध्ये निकाल लागतो, ‘त्याच्यात दम नव्हता.’

हा निकाल पुराव्याशिवाय दिलेला आहे, कारण पुरावा कुणी गोळाच केलेला नाही.

आमच्या धंद्यात बाकी सगळं मोजलं जातं. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड उघडा. जिल्ह्यात किती प्रकरणं पडून आहेत, त्यातली दहा वर्षांहून जुनी किती, महिलांनी दाखल केलेली किती, सगळं घरबसल्या दिसतं. वकिलांचं मात्र एकच मोजमाप, सनद किती जणांनी घेतली. सनद घेऊन पुण्यात कुठल्याशा कंपनीत वसुलीचं काम करणारा, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत सहावं वर्ष काढणारा, सासरी गेल्यावर काळा कोट ट्रंकेत ठेवलेली, हे सगळे कागदावर वकीलच. ‘वकील फार झालेत’ ही ओरड याच कागदावरून होते.

मोजणं अवघड आहे असंही नाही. ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावानं प्रकरणं शोधता येतात. २०१८ साली जिल्ह्यातल्या ज्यांनी सनद घेतली, त्यांच्यापैकी किती जणांचं नाव २०२३ मध्ये एका तरी वकीलपत्रावर आहे, एवढं काढा. त्यात मुली किती, दलित किती, भटके-विमुक्त किती, मुसलमान किती, हे ज्याला सांगायचं त्याला सांगू द्या. (इथे एक खोच आहे. कितीतरी ज्युनिअर वर्षानुवर्षं मुदतीचे अर्ज लिहितात, पुकाऱ्याला उभे राहतात, पण वकीलपत्रावर नाव साहेबांचं. हे लोक ई-कोर्ट्सवर दिसणार नाहीत. त्यांना विचारूनच नोंद करावी लागेल, आणि तीच नोंद कुणाला नको आहे.)

वरच्या पायऱ्यांवरचे आकडे आहेत, आणि ते खालची गोष्ट सांगतात. २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की देशातल्या सुमारे १७ लाख वकिलांत स्त्रिया १५ टक्के, आणि राज्यांच्या बार कौन्सिलांवर निवडून आलेल्यांत अवघ्या २ टक्के. २०१८ ते २०२२ या काळात उच्च न्यायालयांवर नेमलेल्या न्यायमूर्तींबद्दल कायदा मंत्रालयानं संसदीय समितीला दिलेली माहिती अशी: ७९ टक्के उच्चवर्णीय, अनुसूचित जातींचे २.८ टक्के, अनुसूचित जमातींचे १.३ टक्के. हे न्यायमूर्ती बहुतांशी बारमधूनच जातात. म्हणजे बारमध्ये जे टिकले त्यांच्यातून. गळती औरंगाबाद खंडपीठाच्या दारात सुरू होत नाही. ती गेवराईत, केजमध्ये, धारूरमध्ये होऊन गेलेली असते.

यावर हमखास बाबासाहेबांचं उदाहरण दिलं जातं: ते टिकलेच ना? नीट आठवून पाहा. १९२३ मध्ये ते मुंबईत वकिली करायला उभे राहिले तेव्हा सनदेच्या पैशाला मित्र नवल भथेना धावून आले. जातीमुळे सॉलिसिटर त्यांच्याकडे कामं देईनात, म्हणून त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. एवढ्या पदव्यांच्या माणसाला बारमध्ये राहायला बाहेरची मिळकत लागली. जयंतीच्या भाषणात हा भाग आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. मी तो बारवरचा आरोप म्हणून वाचते.

आता पैशाचं. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सनदेसाठी कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. तोवर राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं, ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. ‘द्यावेत’, म्हणजे शिफारस. माझ्या ओळखीत एकाही ज्युनिअरला ते मिळत नाहीत. सीनिअर म्हणतात, आमचंच भागत नाही, आणि दुष्काळाच्या वर्षी ते खोटंही नसतं. पक्षकार फी आणतो ती उचल मिळाल्यावर. मग सरकारनं द्यावं. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये नव्या वकिलांना तीन वर्षं दरमहा ५,००० रुपये देणारी योजना आणली. आपल्याकडे वेल्फेअरचं तिकीट वकीलपत्रावर लागतंच, त्यातून काही नव्या पोरांकडे वळवा म्हटलं की सभेत शांतता पसरते.

त्यात २० मे २०२५ चा निकाल. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व्हायचं तर आता तीन वर्षांची वकिली हवी. अनुभव हवा, मान्य. पण गरिबाघरच्या हुशार मुलीला याच परीक्षेचा सरळ रस्ता होता. आता तिनं तीन वर्षं बिनपगारी काढायची, आणि अनुभवाच्या दाखल्यावर बहुधा दहा वर्षं झालेल्या वकिलाचीच सही घ्यायची. ज्याच्याकडे फुकट राबायचं, त्याच्याच सहीवर भवितव्य.

मुलींचं दुखणं आणखी साधं आहे. कोर्ट सुटल्यावर ऑफिस सुरू होतं ते रात्री आठ-साडेआठपर्यंत. गावाकडची शेवटची एसटी त्याआधी गेलेली असते. पहिल्या महिन्यात ती साडेसहाला निघते, दुसऱ्या महिन्यात साहेब तिला महत्त्वाच्या फाइली देणं बंद करतात, आणि वर्षअखेर म्हणतात, ‘मुलींना इंटरेस्ट नसतो.’ स्वच्छतागृहाबद्दल मी लिहिणार नव्हते. पण प्रत्येक कोर्टात ते असावं हे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल देऊन सांगावं लागलं, तर एक ओळ माझीही.

यानं नुकसान फक्त गळालेल्यांचं होतं असं समजू नका. मुकादमानं कोऱ्या चेकवर सही घेतलेला ऊसतोड मजूर एकशे अडतीसच्या केसमध्ये आरोपी म्हणून उभा असतो. ज्याच्या घरात उचल आली आहे, तो वकील उलटतपासात पहिलाच प्रश्न विचारतो: फिर्यादीत लिहिलेल्या तारखेला हा माणूस कुठल्या कारखान्याच्या फडात होता? बाकीचे पक्षकाराला तडजोड करायला सांगतात. याच जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यातली एखादी नुकसानभरपाईसाठी कोर्टाची पायरी चढलीच, तर हे सगळं ती कुणासमोर बसून सांगणार?

वकील संघाच्या मतदारयादीत नाव आणि सनद क्रमांक असतोच. तीच यादी समोर घेऊन बसायचं. ज्या नावापुढे पाच वर्षांत एकही वकीलपत्र सापडत नाही, त्याला फोन लावून विचारायचं, का गेलास, कधी गेलास, काय मिळालं असतं तर थांबला असतास. नंबर मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री ते सगळे बरोबर लागतात.