गच्चीवरची परसबाग

ठाण्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. चार मजली इमारत, हिचे घर दुसऱ्या मजल्यावर. गावचे घर बंद करून सासूबाई कायमच्या इकडे राहायला आल्या, त्याला सहा महिने झाले. गावी परसात अळू होते, तोंडलीचा वेल होता, कढीपत्ता होता. सकाळी उठल्याउठल्या त्यांची पहिली फेरी परसात. इथे त्या खिडकीशी बसून असतात. "बाजारातली पालेभाजी निवडायला घेतात आणि निवडता निवडता हात थांबतो. तक्रार म्हणून एक शब्द नाही हो, पण मलाच बघवत नाही," असे सून लिहिते. तिच्या मनात आले, गच्चीवर चार कुंड्या ठेवाव्यात. तर यजमान म्हणतात, गच्ची गळेल. सेक्रेटरी म्हणतात, आज चार ठेवाल, उद्या चाळीस होतील. आणि चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणतात, आमच्या छताला ओल आली तर रंग कोण देणार? "आता कुणाचे खरे मानू?" असा तिचा प्रश्न आहे.

मैत्रिणींनो, खरे सांगायचे तर तिघांचेही थोडेथोडे खरे आहे. तेव्हा बियांची पाकिटे आणण्याआधी यांच्याच शंका निस्तरू या.

पहिली गोष्ट वजनाची. आपल्याकडे इमारतीवरचा भार धरण्याचे १९८७ सालचे मानक आहे. त्यात माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीवर दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरलेला असतो. ये-जा नसेल, तर त्याच्या निम्माच. आपल्या हिशेबात सांगायचे तर एका चौरस फुटाला साधारण १४ किलो. आता बारा इंची मातीची कुंडी घ्या, ती बागेतल्या मातीने गच्च भरा आणि पाणी घाला. झाली ना २५ ते ३० किलो! अशा कुंड्या एकीला एक खेटून मांडल्या तर भार दुप्पट झाला की नाही? आणि काही हौशी मंडळी दोनशे लिटरचा ड्रम मधोमध कापून त्यात माती भरतात. तो ओला झाला की एकटा पावणेदोनशे किलो भरतो. म्हणून दोन पथ्ये. कुंड्या गच्चीच्या मधोमध न मांडता कडेने, खाली जिथे भिंत किंवा तुळई असेल तिथे, मध्ये अंतर सोडून मांडाव्यात. आणि कुंडीत नुसती माती भरू नये. इमारत जुनी असेल, स्लॅबच्या सळया दिसू लागल्या असतील, तर मात्र आधी इंजिनिअरला दाखवावे. तिथे माझ्या किंवा कुणाच्या अंदाजावर जाऊ नये.

मातीचे ओझे कमी कसे करायचे? एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नारळाचा भुसा, ज्याला दुकानात कोकोपीट म्हणतात. त्याची पाच किलोची वीट भिजवली की फुगून साठ-सत्तर लिटर होते, म्हणून सगळी एकदम भिजवू नका, घमेले पुरायचे नाही! भिजवल्यावर एकदा पाणी काढून टाकावे, त्यात क्षार असतात. दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. एवढ्याने वजन जवळजवळ निम्म्यावर येते आणि मुळांनाही हवा मिळते.

माती मुळीच न घेतासुद्धा भागते, बरं का. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि साध्या माणसांना पालापाचोळ्यावर शेती करायला शिकवले. त्यांचे 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक वाचनालयात मिळाले तर जरूर आणा. मुंबईत २००२ साली प्रीती पाटील यांनी तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, त्याच स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवून बाग उभी केली. जिथे रोज एवढ्या कामगारांचा स्वयंपाक होतो, तिथली टरफले आणि देठे केवढी असतील याची कल्पना करा. आपला तर चार माणसांचा संसार.

तर ते खत घरी असे होते. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली घ्यावी. बुडाला आणि बाजूंना भोके पाडावीत. तळाशी नारळाच्या शेंड्या. त्यावर दोन मुठी सुका पाला, मग स्वयंपाकघरातली साले-देठे, पुन्हा सुका पाला, असे थर. सुके नेहमी ओल्यापेक्षा जास्त. सुरुवातीला मूठभर जुने खत किंवा आंबट ताकाचा हबका मारला की काम लवकर सुरू होते. खरकटे, तेलकट, मिठाचे काही घालू नये. वास येऊ लागला तर समजावे की ओल जास्त झाली. सुका पाला घालावा आणि काडीने खालीवर करावे. आत करड्या, जाडसर अळ्या दिसल्या तर शिसारी येते खरी, पण त्या खत करणाऱ्याच असतात, झाडाला इजा करीत नाहीत. दोन-अडीच महिन्यांत काळे, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीच्या वासाचे खत तयार. रसवंतीवाल्याला सांगून ठेवले तर उसाचे चिपाडही मिळते. ते बारीक तोडून कुंडीच्या तळाशी घातले की माती आणखी कमी लागते.

आता गळतीचे. पाणी गच्चीवर पडले म्हणून ती गळत नाही. पावसाळाभर पडतेच की! गळते ती पाणी साचून राहिले म्हणून. कुंडी कोब्यावर सरळ टेकवली की तिच्याखाली बारा महिने ओल राहते, तिथे चीर असली की पाणी मुरते. म्हणून प्रत्येक कुंडी दोन विटांवर किंवा लोखंडी तिवईवर. खालून झाडूचा हात फिरला पाहिजे एवढी उंच. गच्चीचा उतार ज्या कोपऱ्याकडे असेल तो कोपरा आणि पन्हळाचे तोंड मोकळे ठेवावे, मृगाआधी एकदा आणि पावसात दर आठवड्याला तिथला पाला काढावा. कोब्याच्या चिरेत पिंपळाचे किंवा वडाचे रोपटे दिसले तर दोन पानांचे असतानाच उपटावे. देवाचे झाड म्हणून कुणी ठेवून देते आणि चार वर्षांत मूळ स्लॅबमध्ये शिरते. आणि जिथे आधीच ओल आहे, तिथे पावसाळा संपल्यावर आधी दुरुस्ती, मग बाग.

चौथ्या मजल्यावरच्या बाईंना मी तर वर चहाला बोलावीन. कुंड्या ठेवण्यापूर्वी त्यांच्या छताची पाहणी दोघींनी मिळून करावी, असलेले डाग तारीख घालून वहीत लिहावेत. पुढे डाग वाढला की नाही, यावर भांडण उरत नाही. (फोटो काढलात तर आणखी चांगले, मुलांना सांगा, ती काढून देतील.) आणि सेक्रेटरींना तोंडी विचारू नये. गच्ची सगळ्यांची, म्हणून एक छोटा लेखी अर्ज करावा: इतक्या कुंड्या, या बाजूला, अशा विटांवर, ओल आली तर आम्ही त्या हलवू. सर्वसाधारण सभेत तो मंजूर करून घ्यावा आणि ठरावाची नक्कल घरी ठेवावी. कठड्यावर मात्र एकही कुंडी नको. वाऱ्याने खाली गेली तर ठराव कामाला येणार नाही.

एवढे झाले की मग सासूबाईंना वर न्यावे. आधी नुसतेच न्यावे आणि विचारावे, "आई, ऊन कुठे किती वेळ राहते ते बघाल का?" दोन-तीन दिवस त्या बघतील. हे काम खरोखरच लागते. पालेभाजीला चार तास ऊन पुरते, मिरची-टोमॅटो-वांग्याला सहा तास तरी हवे. सुनेला नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यांतून हे बघणे होणार नाही. त्यांना होईल, आणि त्यांची नजर तयार आहे. गुडघे दुखत असतील तर कुंड्या कमरेइतक्या उंचीच्या मांडणीवर ठेवाव्यात, जवळ एक स्टूल असावे. बादलीभर पाणी जिन्याने चढवायला लावू नये. गच्चीवर नळ नसेल तर टाकीजवळून नळी घेता येते का ते अर्जातच विचारावे.

लावायचे काय? आरंभ मेथीने. सहा-सात इंच खोल कसलाही पसरट डबा, परडी, जुने टब चालते. खाली भोके तेवढी हवीत. मेथी रात्रभर भिजवून पेरली की तीन-चार दिवसांत वर येते आणि पंचवीस-तीस दिवसांत भाजीला. पहिल्यांदाच बाग करणाऱ्याचा धीर त्याहून जास्त टिकत नाही! कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन फाका कराव्यात. ती आठ-दहा दिवस काही दिसत नाही, उकरून बघू नये. पुदिना बाजारच्या जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवून मुळे फुटली की लावावा. पालक मुळासकट न उपटता पाने खुडत राहिल्यास तीच रोपे पुन्हा देतात. या सगळ्यांना दसऱ्यानंतरचा काळ फार मानवतो. एप्रिल-मेमध्ये कोथिंबिरीचा हट्ट धरू नये, ती लगेच फुलावर येते. त्या दिवसांत माठ, चवळई लावावी आणि दुपारी जुन्या सुती साडीची सावली करावी.

मिरची, वांगी, टोमॅटो यांना बारा इंच खोली लागते, एका कुंडीत एकच रोप. कढीपत्त्याला त्याहून मोठी कुंडी. आणि या घरी तोंडली हवीतच, नाही का? ती बियांनी नव्हे, फाट्यावर येतात. पेन्सिलीएवढ्या जाड जुन्या वेलाचा वीतभर तुकडा पावसाच्या तोंडी लावला की जगतो आणि वर्षानुवर्षे फळतो. गावच्याच वेलाचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून कुणाबरोबर आणवता आला तर नक्की आणवा. अळूचा गड्डाही तसाच येईल. अळूला पाणी फार, म्हणून डाळ-तांदळाचे धुण्याचे पाणी त्याच्याकडे वळवावे. साबणाचे नको.

दुधी लावलात आणि लहान दुधी पिवळे पडून गळू लागले, तर खताला दोष देऊ नका. चार मजल्यांवर मधमाश्या-पतंग कमी येतात. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात. त्या वेळी देठावर फळ नसलेले नरफूल खुडून, ज्याच्या मागे इवलासा दुधी आहे अशा मादीफुलात हलकेच फिरवावे.

कबुतरे कोवळी मेथी टिपतात, त्यावर जाळी टाकावी. मावा दिसला तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुलिंबाचे तेल आणि साबणाचे चार थेंब, उन्हे उतरल्यावर फवारावे. पिठ्या ढेकूण असेल तर ओल्या बोळ्याने पुसून काढण्याइतका चांगला उपाय नाही. कुंडीखालच्या बशांत पाणी राहू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळ्या बशा पालथ्या कराव्यात, म्हणजे पालिकेच्या माणसालाही बोलायला जागा नाही.

राहिला मे महिना. आपण माहेरी, सासूबाई लेकीकडे, आणि गच्चीवर रणरणते ऊन. बारा इंची कुंडी या दिवसांत रोज लिटर-दीड लिटर पाणी पिते. निघण्याआधी कुंड्या एकमेकींच्या जवळ, सावलीच्या भिंतीशी आणाव्यात, पण तिथेही मधोमध ढीग नको, भिंतीलगतच. मातीवर पाल्याचा किंवा चिपाडाचा दोन-तीन इंच थर द्यावा. पाण्याच्या बादलीतून सुती चिंधीची वात कुंडीत खोल खोचली की दोन-तीन दिवस लहान कुंडी तग धरते. त्याहून जास्त दिवस जाणार असाल, तर चौथ्या मजल्यावरच्या बाईंकडे किल्ली द्या आणि तोंडली त्यांनीच तोडायची, असे आधीच सांगून ठेवा.