पहिले दोन महिने निभावून द्या : मस्तगड परिसरातल्या नागरिकांना जाहीर आवाहन

जालन्याच्या मस्तगड परिसरातल्या आणि कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवरच्या बंधू-भगिनींनो, दुकानदार आणि कारखानदार मंडळींनो,

हे आवाहन वर्गणीसाठी नाही. कुठल्या संस्थेची पावती फाडायची नाही, कुणाच्या सत्काराला यायचं नाही. आपल्याच गल्लीत राहणारी, आठवीत-दहावीत शाळा सुटलेली पोरं-पोरी आपण रोज पाहतो. त्यांना हाताला धरून कामाला लावायचं आहे. त्यासाठी आपल्या प्रत्येकाकडे एकच मागणं आहे : यातल्या एका मुलाचे किंवा मुलीचे कामावरचे पहिले दोन महिने निभावून द्या.

दोनच महिने का, ते सांगतो.

वस्तीतला पोरगा सकाळी नाक्यावर उभा राहतो. कधी ट्रकमध्ये माल भरायला जातो, कधी बांधकामावर, कधी मोंढ्यात. संध्याकाळी हातात पैसे पडतात आणि त्यातूनच रात्रीचा किराणा येतो. हाच पोरगा कुणीतरी सांगितलं म्हणून एखाद्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागतो. एक तारखेला लागला आणि पगार पुढच्या महिन्याच्या दहाला झाला, तर मधले चाळीस दिवस घर कशावर चालायचं? रिक्षाभाडं, डबा, बूट हा खर्च तर पहिल्या दिवसापासून. पंधरा-वीस दिवसांनी तो परत नाक्यावर दिसतो आणि आपण म्हणतो, ‘यांना कामच करायचं नसतं.’ हे म्हणणं आपण आता थांबवलं पाहिजे. त्याला काम हवंच होतं. चाळीस दिवस उधारीवर काढणं त्याच्या घराला झेपलं नाही.

‘जालना, सोने का पालना’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. काबिलखानाने १७२५ मध्ये इथली गढी बांधली तेव्हाही ही पेठ होती, आणि मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास इथून धावू लागल्यावर कापसाच्या व्यापाराने ती आणखी वाढली. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको सुरू केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला, म्हणजे जालन्याच्या बियाण्याचं नाव जगात गेलं. पुढे लोखंडाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आल्या. आज जालन्याची सळई महाराष्ट्रभर घराघरांच्या स्लॅबमध्ये आहे. शिवाय समृद्धी महामार्ग जवळून गेला आणि संभाजीनगरची शेंद्रा वसाहत तासाभराच्या अंतरावर आहे. काम लांबून आणायचं आहे असं नाही. ते शहराच्या वेशीवर आहे, आणि आपली पोरं वेशीच्या आत आहेत.

मग भट्टीवर, मिलवर, मशीनवर इतकी माणसं बिहार, उत्तर प्रदेशातून येतात ती कशी टिकतात? त्यांच्याबद्दल तक्रार करण्यासाठी हे लिहीत नाही. तीही पोटासाठीच घर सोडून आलेली आहेत. पण त्यांचं एक नीट पाहा. आधी एक जण येतो, जम बसवतो. मग गावाकडच्या भावकीतल्या दुसऱ्याला बोलावतो. त्याला आपल्या खोलीत जागा देतो, पहिला पगार होईपर्यंत आपल्या ताटातलं खाऊ घालतो, मुकादमाशी गाठ घालून देतो आणि मशीनवर उभं कसं राहायचं तेही शिकवतो. नवख्या माणसाचे सुरुवातीचे दिवस कुणीतरी अंगावर घेतलेले असतात. आपल्या वस्तीतला पोरगा आईबापाच्या घरात राहूनही या बाबतीत एकटा आहे. त्याच्या घरात आजवर कुणी पगारी नोकरी केलेली नाही. हजेरी कार्ड, पगाराची पावती, पीएफ, शिफ्ट, रजेचा अर्ज यातलं काही त्याने जवळून पाहिलेलं नाही, आणि विचारायची लाज वाटते म्हणून तो विचारत नाही.

सरकारी योजना नाहीत असं कुणी म्हणू नये. आयटीआय आहेत, फी कमी आहे, चौदा वर्षं पूर्ण झाली की प्रवेश मिळतो आणि वरची वयोमर्यादा नाही. म्हणजे पंचविशीतल्या, लग्न झालेल्या मुलालाही दार उघडं आहे. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी नापास मुलंही अर्ज करू शकतात, आणि वेल्डरचं प्रशिक्षण तर एका वर्षात पूर्ण होतं. मुलींसाठी सरकारी आयटीआयमध्ये तीस टक्के जागा राखीव आहेत. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून भाषा विषयांची परीक्षा दिली की दहावी-बारावीची समकक्षता मिळण्याचीही सोय आहे, हे तर कित्येक पालकांना ठाऊकच नाही. दुसरीकडे, २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्यात बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. योजना चांगली आहे, पण दहावीत अडकलेला पोरगा तिच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नाही. सगळ्यांत जास्त गरज त्यालाच आहे, म्हणून आयटीआयचं दार त्याला दाखवणं हे आपलं काम.

त्या दारात अडतं ते कागदांवर. मार्कमेमो, टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचं पासबुक. घरात एक पत्र्याची पेटी किंवा कॅरीबॅग असते, तिच्यात हे सगळं घड्या पडून बसलेलं असतं. टीसीवर नाव बालाजी, आधारवर बाळू. शाळेत लावलेली जन्मतारीख १ जून आणि आधारवर १ जानेवारी. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरात आईबाप सहा-सहा महिने गावात नसतात. मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे जायचं कुणी आणि सही करायची कुणी? एवढ्या एका गोष्टीवर मुलाचं अख्खं वर्ष जातं. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, निवृत्त कारकून आहेत, सेतू केंद्र चालवतात, वकिली करतात, त्यांच्यासाठी ही एका बैठकीची गोष्ट आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ गल्लीतल्या समाजमंदिरात, मशिदीच्या ओट्यावर, बुद्धविहारात किंवा आपल्या घराच्या ओसरीवर बसा. ती कॅरीबॅग उघडा, कागद लावा, काय दुरुस्त करायचं ते एका चिठ्ठीवर लिहून द्या, आणि जमलं तर त्या मुलाबरोबर एकदा तहसीलला जा. सोबत मोठं माणूस असलं की खिडकीवरचं बोलणंही वेगळं होतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

आता ग्रील-गेट करणाऱ्या, फॅब्रिकेशनच्या, गॅरेजच्या, लेथच्या दुकानदार बांधवांशी थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण या शहरातली खरी शाळा तुमच्याकडे भरते. नवा पोरगा पहिल्यांदा होल्डर हातात घेतो तेव्हा रॉड पत्र्याला चिकटतो. तो ओढतो, सुटत नाही, रॉड लाल व्हायला लागतो, पोरगा घाबरतो. अनुभवी मिस्त्री मनगटाचा एक हिसका देतो आणि रॉड सुटतो. किती अंतरावर धरला की आर्क टिकतो, कुठे हात हळू करायचा, स्लॅग झाडल्यावर खालचा जोड कसा दिसला पाहिजे, हे पुस्तकातून कळत नाही. हे तुम्ही शिकवता आणि फुकट शिकवता, याबद्दल शहराने तुमचे आभार मानायला हवेत. पण हाच पोरगा वेल्डिंगची काच नसल्याने उघड्या डोळ्यांनी नाहीतर साध्या गॉगलवर काम करतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी गळतं, झोप लागत नाही आणि सकाळी तो तसाच कामावर येतो. काचेची शिल्ड आणि हातमोजे काही शे रुपयांत येतात. पोरगा दुकानात पाय ठेवेल त्या दिवशी दोन्ही त्याला द्या, नंतर नको. दुसरं असं की त्याला वर्ष वर्ष चहा आणायला आणि झाडायला ठेवू नका. दर महिन्याला एक नवी गोष्ट त्याच्या हातात द्या आणि तारखेसकट एका वहीत लिहून ठेवा. तुमच्या अक्षरातली ती वही उद्या त्याच्या उपयोगाला येईल. आणि पहिले दोन महिने त्याला हजेरी आठवड्याला द्या. दर शनिवारी पैसे हातात पडले तर तो नाक्यावर परत जाणार नाही.

मोठ्या कारखानदारांना कायद्याची आठवण करून देणं मी माझं कर्तव्य समजतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसं असणाऱ्यांना ते ऐच्छिक आहे, पण दार खुलं आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पंचवीस टक्क्यांपर्यंतचा भाग, महिना दीड हजार रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलतं. तुम्ही शिकाऊ उमेदवारांचा हा आकडा भरतच असाल. विनंती एवढीच की भरताना पहिली नजर शहरातल्या या वस्त्यांवर टाका, आणि घेतलेल्या मुलाला ट्रेडचं काम शिकवा, त्याला नुसतं लोडिंगला उभं करू नका. भट्टीचं काम जोखमीचं आहे; स्फोटाच्या, भाजल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. म्हणून अठरा वर्षांखालच्या कुणालाही तिथे उभं करू नका, आणि अठरावरच्यालाही सुरक्षेचं शिक्षण पूर्ण झाल्याखेरीज पाठवू नका. आपल्या मुलाला ज्या बुटात पाठवाल, तेच बूट त्याला द्या.

मुलींचा विचार आपण नेहमी शिवणकामापाशी थांबवतो. शिवणकामाला माझा विरोध नाही. चांगलं ब्लाऊज शिवणारी बाई घर चालवते. पण जालना-देऊळगाव राजा पट्ट्यातल्या शेडनेटमध्ये जाऊन पाहा. बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग करणाऱ्या बाया काय करतात? कळीतले पुंकेसर नखाने अलगद काढायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, दुसऱ्या दिवशी नराचे पराग लावायचे आणि खुणेचा दोरा बांधायचा. वेळ चुकली किंवा एखादं फूल राहून गेलं तर बियाण्यात भेसळ होते आणि अख्खा प्लॉट नापास होतो. दहा-दहा वर्षं हे काम केलेल्या आयाबहिणी आपल्या आसपास आहेत आणि त्यांची नोंद शेतमजूर अशी होते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीपासून अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. बियाणे कंपन्यांनी आणि शेडनेटच्या मालकांनी पुढाकार घेऊन या बायांची अशी परीक्षा घडवून आणावी, आणि त्यांच्या लेकींना प्रयोगशाळेत, उगवणशक्तीच्या चाचणीत, पॅकिंगच्या दर्जा-तपासणीत शिकाऊ म्हणून घ्यावं. आईच्या बोटांतली नजर लेकीला मिळालेली असते. मुलींना घेणार असाल तर दोन गोष्टी आधी करा : आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आणि अंधार पडण्याआधी घरापर्यंत पोचवणारी गाडी. या दोन्ही नसल्या तर बाप मुलीला पाठवणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

शाळेत न रमलेल्या मुलांचं काय होऊ शकतं हे महाराष्ट्राने पाबळला पाहिलं आहे. पुणे जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून हा माणूस तिथे जाऊन राहिला. शाळा सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, आरोग्य हे सगळं शिकायची आणि गावाला लागणाऱ्या वस्तू खरोखर करून द्यायची. गिऱ्हाईक खरं असल्याने शिकणंही खरं व्हायचं. आपल्याकडे तर गिऱ्हाईकांची वाण नाही. शाळांचे बाक मोडलेले आहेत, दवाखान्यांचे नळ गळतात, मंगल कार्यालयांचे पंखे बंद असतात. या संस्थांच्या विश्वस्तांनी दुरुस्तीची छोटी कामं निवृत्त मिस्त्रीच्या देखरेखीखाली शिकणाऱ्या मुलांकडून रास्त मजुरी देऊन करून घ्यावीत.

निवृत्त फिटर, टर्नर, वायरमन काकांनो, एसटीच्या वर्कशॉपमध्ये, महावितरणमध्ये, मिलमध्ये तुम्ही हयात घालवली. तुमच्याकडे जे आहे ते कुठल्याही केंद्रात मिळत नाही. एका मुलाला व्हर्नियर वाचायला शिकवा. मुलाखतीला जाताना काय बोलायचं, साहेब ओरडला तर काय करायचं, पगारपत्रकातल्या कपाती कशा वाचायच्या हे त्याला सांगा. कामावर लागल्यावर पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा त्याच्या घरी चक्कर मारा. रागावून काम सोडायची वेळ बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. तेव्हा घरात बापाचं ऐकलं जात नाही, तुमचं ऐकलं जाईल.

ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, पण चार पैसे बाजूला आहेत, त्यांनी एका मुलाचं दोन महिन्यांचं रिक्षाभाडं आणि एक जोड सेफ्टी बूट द्यावेत. किराणा दुकानदारांनी त्या घरचं खातं पहिला पगार होईपर्यंत बंद करू नये.

आणि तरुण मुलामुलींनो, तुमच्याकडूनही एक शब्द हवा आहे. जो कुणी तुमच्यासाठी पुढे येईल, त्याला विचारल्याशिवाय काम सोडू नका. पैसे थकले, अपमान झाला, काम धोक्याचं वाटलं तर जरूर बोला; तुमची बाजू घ्यायला आम्ही येऊ. पण न सांगता घरी बसू नका, कारण तुमच्या मागे त्याच दारात तुमच्या गल्लीतला दुसरा उभा आहे.

आयटीआयचे ऑनलाइन अर्ज दहावीच्या निकालानंतर सुरू होतात आणि तेव्हा सेतू केंद्रांवर रांगा लागतात. म्हणून निकालाची वाट न पाहता दाखले एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. शाळा सोडून दोन, पाच, सात वर्षं झाली असतील तरी अर्ज करता येतो. घरातली ती कॅरीबॅग या रविवारी खाली काढा आणि टीसीवरचं नाव आधारवरच्या नावाशी ताडून पाहा. फरक दिसला तर गल्लीतल्या शिकलेल्या माणसाचं दार वाजवा. ज्यांचं दार वाजेल, त्यांनी ते उघडावं.

आपला,
मस्तगड परिसरातील एक रहिवासी